इंजिनाचा छकडा

गॅरेजमध्ये माणूस खुशीत कधी येत नाही. सोनाराकडे जाताना, कापडाच्या दुकानात जाताना त्याचा चेहरा वेगळा असतो. आमच्याकडे तो कपाळाला आठ्या घालूनच येतो, आणि बरेचदा गाडी ढकलत येतो. म्हणून आधी त्याला पाणी द्यायचं, चार शब्द बोलायचे आणि मग बॉनेट उघडायचं, हा माझा शिरस्ता. अर्धा दोष गाडीत असतो आणि अर्धा माणसाच्या सांगण्यात, हे पहिल्या दोन-चार वर्षांतच कळलं होतं.

वर्ध्याला बसस्टँडकडच्या रस्त्यावर माझं गॅरेज होतं. लोक मला मनोहर मिस्त्री म्हणतात. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा ती जागा सोडली आणि पाने, जॅक, वेल्डिंगचं मशीन, चेनपुली असा सगळा संसार बोरगाव मेघेला घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये आणून टाकला. शोभाला, म्हणजे माझ्या बायकोला, वाटलं होतं की नवरा आता रिटायर झाला. "रिटायर कायचे झाले, ग्रीस तेवढं घरात आनलं," असं ती आल्यागेल्याला सांगते. तिचं काही चूक नाही.

एका गिऱ्हाइकाचं सांगतो. कापडाचे व्यापारी होते, मोहनशेठ म्हणू या. त्यांची तक्रार मोठी अजब. "मिस्त्री, सासुरवाडीले जातो तवा गाडी एकदम चूप. वापस येतो तवा मागून टकटक टकटक!" मी शॉकअप पाहिले, सायलेन्सरचे क्लँप कसले, आर्वीच्या रस्त्यावर स्वतः चक्कर मारून आलो. आवाजाचं नाव नाही. शेवटी सांगितलं, पुढच्या वेळी सासुरवाडीहून परस्पर इकडेच या. आले. मी डिकी उघडून स्टेपनी बाहेर काढली, तर खाली जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळलेल्या लोणच्याच्या बरण्या! एकीची चिंधी सुटली होती, तीच टकटक करत होती. शेठना ब्लडप्रेशर, डॉक्टरांनी लोणचं बंद केलेलं. मी मान वर केली तर मागच्या दाराच्या खिडकीतून वाकून शेठाणी दोन्ही हात जोडून माझ्याकडे बघत होत्या. मी चिंधी नीट गुंडाळली, स्टेपनी परत ठेवली आणि म्हणालो, "सापडला आवाज, शेठ. कपडा लावून देल्ला." शेठ खूश. त्या दिवाळीत आमच्या घरी एक बरणी पोचली.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण या धंद्यात एक उणीव आहे, ती बाहेरच्या माणसाला दिसत नाही. आम्ही काही बनवत नाही. सुताराचा पलंग त्याच्या नावानं ओळखला जातो, शिंप्याची शेरवानी फोटोत दिसते. आमचं काम चांगलं झालं तर दिसतच नाही. गाडी सुरू होते, माणूस हात दाखवून निघून जातो आणि मी तिची मागची बाजू बघत उभा राहतो. हजारो गाड्यांची मागची बाजू पाहिली असेल मी. त्यातली एकही माझी नव्हती. याचं मला वाईट वाटायचं, पण बोलायचं कुणाजवळ?

श्रावणभाऊ भोयर आले ते असं सगळं मनात असताना. आमच्याच वस्तीत, दोन गल्ल्या सोडून राहतात. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं की आमच्याकडे बैलांची शर्यत असते, तिला शंकरपट म्हणतात. सरळ आखलेले दोन पट्टे, शेजारी शेजारी, आणि प्रत्येकावर एक बैलजोडी. जोडीला अगदी हलका छकडा जुंपलेला, त्यावर एकटा माणूस. त्याला धुरकरी म्हणतात. वळण नाही, फेरी नाही. उभ्या जागेवरून सुटायचं आणि समोरच्या रेषेपर्यंत पोचायचं. घडी, म्हणजे स्टॉपवॉच, लावून सेकंद मोजतात. श्रावणभाऊ हे आमच्या भागातले नावाजलेले धुरकरी. मधे काही वर्षं पटावर बंदी होती, त्यात त्यांची जोडी म्हातारी झाली. बंदी उठली तेव्हा यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला.

आले ते मोबाईल माझ्या नाकासमोर धरूनच.

"मिस्त्री, हे पाय. कोन्त्या देशातले लोक हायेत मालूम नाई, पन पट खेळून राह्यले."

पडद्यावर जुन्या काळातली एक शर्यत चालली होती. लांबलचक, हाडकुळ्या, उघड्या गाड्या. पुढे सायकलीसारखी बारीक चाकं, मागे जाडजूड टायर, इंजिन उघडं आणि माणूस पार शेवटी बसलेला. दोन गाड्या शेजारी उभ्या, सरळ रस्ता, कुणीतरी झेंडी पाडली आणि सुटल्या. अशा शर्यतीला ड्रॅग रेस म्हणतात. पूर्वी तिकडची पोरं घरच्या शेडमध्येच भंगारातल्या गाड्या कापून अशा गाड्या बनवत.

"श्रावणभाऊ, याच्यात बैल कुठी हायेत?"

"इंजिनात हायेत ना बाप्पा! मले असा एक छकडा बनवून दे."

"कायले?"

"बसाले."

मी हसलो. ते हसले नाहीत. शेडमधल्या टायरवर बसले आणि चष्मा काढून पुसायला लागले. "माह्या पोरीच्या, वंदीच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हनते, बाजूबाजूनं अंधार येत जाईन. जे गेलं ते वापस येत नाई. औषधानं थोपते, तेवढंच. आता मले फक्त समोरचं सरळ दिसते." चष्मा चढवून त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "पटाले आनखी काय लागते, सांग? बैल मले आता कोनी हातात देत नाई. देऊ बी नये, मुकं जनावर हाये ते, त्याचा जीव कायले घालाचा? पन एक डाव, मिस्त्री. समोरचं दिसते तवरक एक डाव."

मी हो म्हणालो. शोभा दारातून ऐकत होती. ती चहा टाकायला आत गेली. ही तिची होकाराची पद्धत आहे.

गाडी बनवायला बसलो. कुणाला आवड असेल तर थोडक्यात सांगतो. भंगारातून एका जुन्या जीपचं पेट्रोल इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा आस आणला. शेडला लागतात तसल्या लोखंडी पाइपांची लांब शिडी करून तिच्यावर सगळं बसवलं. पुढे मोटारसायकलची चाकं. मागच्या आसात एक पेटी असते, ती वळणावर दोन चाकांना वेगवेगळं फिरू देते. आपल्याला वळायचंच नव्हतं, म्हणून तिचे दाते वेल्डिंगनं जाम केले. आता दोन्ही चाकं एकसाथ रेटा देणार. रिव्हर्सचा गिअरही काढून टाकला, तेवढंच वजन कमी. डोक्यामागे जाड पाइपाची कमान, खांद्यावरून दोन पट्टे.

ब्रेकचा मात्र मी पुष्कळ विचार केला. श्रावणभाऊंनी जन्मभर कासरा ओढूनच बैल थांबवले. घाईगर्दीत त्यांचा पाय ब्रेक शोधणार नाही, हात मागे येणार. म्हणून ब्रेक हातात दिला. उजवीकडे एक लांब दांडा. तो मागे ओढला की मागची चाकं आवळली जातात आणि त्याच झटक्यात इंजिनाचा करंट तुटतो. ते रोज संध्याकाळी येऊन बसायचे, डोळे मिटून तो दांडा ओढायचे आणि "हो, हो, हो" म्हणायचे. आपण बैलांना म्हणतो तसं. शेजारची मंडळी कंपाउंडवरून मान काढून बघायची.

आता घोटाळ्याची गोष्ट. माझे वडील देवळीकडच्या एका गावात छकडे बनवायचे. छकड्याचा तोल हेच त्यातलं सगळं कसब. ओझं मागे सरकलं तर छकडा उलाळ होतो. म्हणजे पुढची बाजू वर उचलली जाते, बैलांची मान वर खेचली जाते आणि त्यांचे खूर घसरायला लागतात. त्यामुळे ओझं जरा पुढेच हवं, बैलांच्या मानेवर किंचित भार हवा, म्हणजे खूर जमिनीत रुततात. वडील दोन बोटांनी धुरा उचलून बघायचे आणि मान हलवायचे. मीही तेच केलं. इंजिन पुढे ठेवलं, बसायची जागा मधे घेतली, बॅटरी पार नाकाशी. रोज काम संपलं की गाडीचं नाक हातानं उचलून बघायचो. चांगलं जड लागायचं आणि मला समाधान वाटायचं. परदेशातले लोक मागच्या चाकांच्याही मागे बसतात ते मला उगाचचं फॅड वाटत होतं.

चाचणीला जागा मोहनशेठनी दिली. सिंदी मेघेच्या पलीकडे त्यांचा एक ले-आउट आहे. सिमेंटचा सरळसोट रस्ता झालाय, विजेचे खांब लागलेत, पण प्लॉटवर घर एकही नाही. रस्ता जिथे संपतो तिथे फाटक आणि पलीकडे तुरीचं शेत. एका रविवारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून गाडी तिथे नेली. पहिल्यांदा मीच बसलो. इंजिनाला जोर दिला, क्लच सोडला.

आवाज तर असा झाला की तुरीतले बगळे उडाले. मागची चाकं गरगर फिरली, रबराचा धूर निघाला आणि गाडी? गाडी म्हशीच्या चालीनं चार पावलं सरकली.

श्रावणभाऊ जवळ आले, वाकून पाहिलं आणि वैद्यानं नाडी धरून सांगावं तसे गंभीरपणे म्हणाले, "खूर घसरून राह्यले. उलाळ झाली."

"माह्याबी मनात तेच आलं," मी म्हणालो.

आम्ही दोघांनी मिळून रेतीचं एक पोतं नाकावर बांधलं. गाडी आणखी जास्त घसरली. आम्ही दुसरं पोतं बांधलं. आता तर धूर एवढा झाला की ले-आउटचा चौकीदार पाण्याची बादली घेऊन धावत आला. आम्ही तिसरं पोतं भरत होतो तेवढ्यात शोभा डबा घेऊन पोचली. तिनं डबा खाली ठेवला आणि कमरेवर हात ठेवून जरा वेळ पाहत राहिली.

"अवो, तुमचे बैल कुठी हायेत?"

"म्हंजे?"

"म्हंजे रेटा कोन देऊन राह्यलं? मांगचे चाकं ना? तुमचे बैल तं मांगं जुपले हायेत, आन् ओझं समोर काऊन ठेवून राह्यले?"

श्रावणभाऊंनी फावडं खाली टेकवलं. मी पोत्याचं तोंड तसंच धरून उभा. शोभाचं बोलणं काही संपलं नव्हतं. "माह्या बाबाचा ट्रॅक्टर चिखलात फसला का ते मांगच्या चाकावर मानसं उभे करत. आन् तुमी तं मांगच्या टायरात पानी भरून देता लोकायले. मंग घरची गाडी आली तवा अक्कल कुठी गेलती?"

खरंच होतं. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला पकड यावी म्हणून त्यात पाणी भरतात, आणि हे काम मी गॅरेजमध्ये किती वेळा केलं त्याला हिशेब नाही. पण श्रावणभाऊंनी 'पट' हा शब्द काढला आणि आम्हा दोघांच्याही डोक्यात छकडा जाऊन बसला तो बसलाच. वडिलांचा नियम बरोबरच होता: जो ओढतो त्याच्यावर भार हवा. आम्ही नियम पाळला आणि बैल कुठल्या बाजूला आहेत ते पाहायचं विसरलो. त्या रस्त्यावर बसून आम्ही जेवलो आणि हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. श्रावणभाऊ तर भाकरीचा तुकडा हातात घेऊन मधेच "बैल मांगं, बैल मांगं" म्हणून पुन्हा सुरू व्हायचे.

पण मागून मी काळजीत पडलो. आता सगळी गाडी कापून नव्यानं जोडायची होती. इंजिन मागे, आस त्याला लगटून, आणि बसायची जागा मागच्या चाकांच्याही मागे, त्या परदेशातल्या गाड्यांसारखी. काम मोठं होतं. आणि त्या दिवसांतच एकदा श्रावणभाऊ शेडमध्ये शिरताना दाराच्या बाजूच्या ड्रमला धडकले. रोजचा ड्रम, रोजच्या जागेवरचा. त्यांनी मांडी चोळली आणि मला म्हणाले, "तुहं चालू दे." त्यानंतर मी दुपारची झोप बंद केली.

त्यांची मुलगी वंदना सावंगीला दवाखान्यात नर्स आहे. एके दिवशी ती ड्युटीवरून परस्पर आमच्याकडे आली. युनिफॉर्मवरच होती.

"काका, बाबांले तुमी ह्याच्यात बसवनार?"

"बसवनार म्हनलं तं आहे."

"त्यांले काय दिसते आन् काय नाई, मालूम हाये तुमाले?"

मी तिला म्हणालो की तू नको म्हणशील तर ही गाडी इथेच उभी राहील, मी त्यांना समजावीन. ते खरंच होतं, म्हणायला जिवावर आलं तरी. ती काही वेळ गाडीभोवती फिरली. मग पर्स शोभाकडे देऊन स्वतःच आत बसली. पट्टे आवळले, दांडा ओढून पाहिला, पुन्हा ओढला. कमानीला डोकं लागतंय का ते मान मागे टाकून पाहिलं. उतरली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "काका, सहा महिन्यांपासून ते घरात एकाच गोष्टीवर बोलून राह्यले. ह्याच्या आधी बोलतच नव्हते." तिनं नाक पुसलं. "एकदाच. आन् समोर मी उभी राहीन. मी दिसली तरच सोडाचं, नाई तं नाई."

नवी गाडी मी आधी स्वतः पळवून पाहिली, बेतानं आणि मग जोरानं. यावेळी चाकं घसरली नाहीत. पाठीवर कुणी दोन्ही हातांनी ढकलल्यासारखं वाटलं आणि मी मोठ्यानं काहीतरी ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

श्रावणभाऊंचा दिवस ठरला तो थंडीतला, सकाळचा. ऊन पाठीमागून येईल अशी वेळ धरली. चुन्याच्या फक्कीनं दोन रेषा आखल्या. शोभानं चाकांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. ती सुटायच्या रेषेवर रुमाल घेऊन, आणि मी पल्ल्याच्या रेषेवर. श्रावणभाऊंनी आपली पटातली जुनी घडी माझ्या गळ्यात घातली होती. "रुमाल पडला का दाबजो, चाक रेषेवर आलं का दाबजो. दुसरं काई पाहू नको," असं बजावून. माझ्याही पुढे, रस्त्याच्या बरोबर सरळ रेषेत पण फाटकाच्या पलीकडे, वंदना. अंगावर भडक नारंगी साडी, त्यासाठीच घातलेली. तिनं दोन्ही हात वर केले.

तिकडून श्रावणभाऊंनीही एक हात वर केला. दिसली होती.

रुमाल पडला.

सांगायला मला फार येत नाही. गाडीचं नाक जरासं वर उचललं, खाली बसलं आणि गाडी माझ्याकडे यायला लागली. इंजिनाच्या त्या सगळ्या गर्जनेतही मला श्रावणभाऊंचा आवाज ऐकू आला. बैलांना हाळी देतात तशी हाळी, लांब, चढत जाणारी. ते पुढे वाकले होते, मान ताठ, नजर नारंगी साडीवर. गाडी एका रेषेत होती, तसूभर इकडेतिकडे नाही. आयुष्यभर माझ्या हाताखालून निघालेल्या गाड्या माझ्यापासून दूर गेल्या. ही पहिली अशी, की जी मी बनवली आणि जी समोरून माझ्याकडे येत होती. मी पाहत राहिलो. रडतही असेन, मला त्याची लाज नाही.

गाडी रेषेवरून गेली, दांडा मागे आला, "हो, हो, हो" असा आवाज झाला आणि फाटकाच्या बऱ्याच अलीकडे ती उभी राहिली. वंदना पळत आली. मी गुडघे सांभाळत पोचलो. श्रावणभाऊ पट्ट्यांत तसेच बसून होते, छाती वरखाली होत होती, चेहऱ्यावर धूळ आणि त्या धुळीत हसू.

"किती?" त्यांनी विचारलं.

धुरकऱ्याला दुसरं काही विचारायचं नसतं. मी गळ्यातली घडी हातात घेतली. काट्यानं जागा सोडलेली नव्हती. रुमाल पडला तेव्हा मी ती दाबलीच नव्हती. एखादा चांगलासा आकडा सांगून मोकळं होता आलं असतं, पण पटातल्या माणसाशी सेकंदाचं खोटं बोलवत नाही.

"भाऊ," मी म्हणालो, "मी पाहतच राह्यलो. घडी दाबलीच नाई."

मला वाटलं आता शिव्या देतील. दिल्या असत्या तरी मी खाल्ल्या असत्या. त्यांनी हळूच मान वळवून मुलीकडे पाहिलं. समोर नव्हती ती, बाजूला होती, त्यामुळे त्यांना तिला जरा शोधावं लागलं. एकदाच, ही तिची अट होती आणि त्यांनी ती कबूल केलेली होती, म्हणून त्यांनी दुसरा डाव मागितला नाही. पट्टा सोडायला हात खांद्याकडे गेला.

वंदनानं तो हात धरला आणि पट्टा पुन्हा आवळला.

"बाबा, पटात घडी लागली नाई तं ते पळनं धरत नाईत ना?"

"नाई धरत," ते म्हणाले.

"मंग काका, तुमी काय पाहून राह्यले? ह्याले रिव्हर्स नाई म्हनता, ढकला लागन."

पदर खोचून ती पुढच्या चाकापाशी गेली आणि नाकाला खांदा लावला. मी दुसऱ्या बाजूनं लावला. लांबून आमचा प्रकार पाहून शोभाही रुमाल कमरेला खोचत निघाली. श्रावणभाऊ वर ताठ बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि आम्ही त्यांना उलटं ढकलत पहिल्या रेषेकडे घेऊन चाललो होतो.